न भरणारी टाकी

आमच्या सासूबाईंचा जीव दोन गोष्टींत अडकलेला होता. एक उशा आणि दुसरी शेजारणीच्या संडासाची टाकी. उशा त्या स्वतः भरायच्या, तेव्हा त्यांचं मी समजू शकते. पण दुसऱ्याच्या सेप्टिक टँकवर जळणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, आणि लग्न होऊन या घरात आले नसते तर अशी कुणी असते यावर माझा विश्वासही बसला नसता.

आमची टाकी दोन-अडीच वर्षांनी भरायची. भरली की संडासात ओतलेलं पाणी खाली जायला कां-कूं करायचं, मोरीतून बुडबुड आवाज यायचा, आणि मग आमचे हे फोन करून उपसायची गाडी बोलवायचे. गाडी गल्लीत शिरायची तीच हॉर्न वाजवत. मांडीएवढा जाड पाइप फाटकातून आत यायचा, ओट्यावरून, कुंड्यांना वळसा घालून मागच्या अंगणात जायचा. इंजिन सुरू झालं की सगळी गल्ली नाकाला रुमाल लावून आपापल्या गॅलरीत हजर. नाक दाबून का होईना, पण बघायचं. घरात जाऊन खिडक्या लावून बसावं, असं एकालाही सुचायचं नाही.

त्या प्रेक्षकांत पहिला मान शेजारच्या चष्मेवाल्या काकूंचा. कोपऱ्यावर त्यांच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान, म्हणून त्या चष्मेवाल्या. त्यांची स्वतःची नजर मात्र उत्तम होती. आमच्या अंगणातलं त्यांच्या तावडीतून काही म्हणता काही सुटायचं नाही.

"भरली का हो वहिनी पुन्हा?" त्या वरून विचारायच्या. आवाजात साखर. "आमची मेली भरतच नाही बघा. घर बांधल्यापासून झाकण उघडलेलं नाही."

सासूबाई नुसत्या हसायच्या. ते हसू मी ओळखून होते. जाड खोळीतून दाभण आरपार घालताना त्यांचा चेहरा अगदी तसाच व्हायचा. गाडी गेली, अंगण धुऊन झालं, की त्या मागच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि कापसाशी बोलायच्या. "तिचीच का भरत नाही? आं? तिच्या घरातली माणसं काय हवा खाऊन जगतात?"

मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. सासरे गेले तेव्हा आमचे हे शाळेत होते. घरात मिळवतं कुणी नाही, हातात कसली कला नाही. नातेवाईक येऊन हळहळून गेले. त्यानंतर एका दुपारी सासूबाईंनी घरातलीच एक उशी पुढ्यात घेतली, तिची शिवण उसवली, कापूस जमिनीवर पसरला आणि कोणता थर कुठे होता ते बघत पुन्हा भरला. मग पुन्हा उसवली. त्या एका उशीनं त्यांना धंदा शिकवला. मी आले तेव्हा त्या भिंतीला कापसाचे गठ्ठे लावून, जमिनीवर पाय पसरून, मधोमध उशी घेऊन बसलेल्या असायच्या. वर बघायची गरज नाही. बोटांनी कोपरा चाचपायच्या आणि मूठभर कापूस आत सारायच्या. "कोपरे रिकामे ठेवले की उशी आळशी होते," म्हणायच्या. गल्लीत त्यांना गादीवाल्या काकू म्हणत. पण गाद्या बनवणारे गावात पुष्कळ होते. उशी यांचीच. दवाखाना, मुलींचं वसतिगृह आणि सगळ्यांत मोठा म्हणजे स्टेशनजवळचा लॉजवाला, सगळे उशांसाठी यांच्याच दारात यायचे. आमचं घर त्या लॉजवाल्याच्या उशांवर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

अशी ही कर्तबगार बाई. पण मत्सरी. हे मी पाठीमागे बोलत नाहीये, त्यांच्या तोंडावरही बोलले आहे. "हो, आहेच मी मत्सरी," त्या म्हणायच्या. "तुला काय त्रास होतो?"

त्रास व्हायचा. सासूबाई गल्लीत इतर कुणावर जळायच्या नाहीत, हे खरं. त्यांचा सगळा मत्सर चष्मेवाल्यांसाठी राखून ठेवलेला होता. त्यालाही कारण होतं. दोघींनी एकाच वर्षी शेजारी शेजारी जागा घेतली. दोघींच्या घरांचा पाया एकाच गवंड्यानं खणला, नकाशाही एकच. दोघी मातीच्या पाट्या वाहताना एकमेकींच्या पाटीला हात देत होत्या म्हणे. मग आमचे सासरे गेले आणि तिचा नवरा राहिला. तिथून पुढे तिच्या घरावर दुसरा मजला चढला, फरशा आल्या, खिडक्यांना जाळ्या आल्या, आणि आमचं घर होतं तिथंच राहिलं. सासूबाई हे कधी सरळ बोलल्या नाहीत. त्या टाकीबद्दल बोलायच्या.

आणि मी तरी कुठली साध्वी लागून गेले? चष्मेवाल्यांच्या सुनेच्या खोलीला लागून न्हाणीघर होतं आणि त्यात गिझर. ती ओल्या केसांनी गॅलरीत उभी राहिली की मी इकडे चुलीवरचं पाणी बादलीत ओतताना हात भाजून घ्यायचे. सासूबाईंच्या डोळ्यांत टाकी खुपायची, माझ्या डोळ्यांत गिझर.

टाकी भरू नये म्हणून आमच्या घरात काय काय केलं नव्हतं! संडासात एका वेळी एकच बादली. बादलीही लहान. कुणीतरी सांगितलं म्हणून आंबलेलं पीठ ओतून झालं, कुणी सांगितलं म्हणून ताक. पाहुणे आले की सासूबाईंना आधी टाकी आठवायची. माझा भाऊ चार दिवस राहायला आला होता, त्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "तुझं पोट बरं असतं ना रे?" बिचारा त्याच संध्याकाळी परत गेला. मी महिनाभर धड बोलत नव्हते.

आता चष्मेवाल्यांची ती नामी टाकी होती कुठे, तर आमच्या कुंपणाच्या भिंतीला खेटून. टाकी, मग भिंत, मग आमच्याकडची हातभर रुंदीची बोळकांडी, आणि लगेच उशांची खोली. टाकी खणली जात होती तेव्हा सासूबाईंनी हरकत घेतली होती. "वहिनी, बंदिस्त असते ती, तुम्हाला कळणारही नाही," असं चष्मेवाले काका म्हणाले होते, आणि तेव्हा दोघींचं सख्य असल्यामुळे गोष्ट तिथंच मिटली.

त्या बोळकांडीत सासूबाईंनी केळीचं एक रोप खोचलं होतं. आणि ती केळ अशी फोफावली की विचारू नका. पानं छपराच्या वर, एकामागून एक पिलं, आणि घड असा की उतरवायला दोन माणसं लागावीत. चष्मेवाल्यांनी हौसेनं पुढच्या दारी केळी लावल्या होत्या. त्या आपल्या उभ्या होत्या, एवढंच.

"खत काय घालता हो वहिनी?" त्यांनी एकदा न राहवून विचारलं.

"खत कसलं? हाताचा गुण असतो एकेकाच्या," सासूबाई म्हणाल्या, आणि तो दिवस त्यांचा फार आनंदात गेला.

घड उतरला की पहिली फणी चष्मेवाल्यांकडे जायची. मला आधी वाटायचं, काय मोठं मन! मग कळलं की ते जळवण्यासाठी होतं. फणी निवडून घ्यायच्या, पुसून घ्यायच्या, आणि मला सांगायच्या, "दे तिच्याच हातात. आणि तोंड बघून ये." मी तोंड बघून यायचे आणि त्यांना सांगायचे. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायची. त्या गिझरवाल्या घरात आमच्याकडचं काहीतरी हवंहवंसं होतं.

असं सगळं सुखात जळणं चाललं होतं. आणि लॉजवाल्यानं उशा परत पाठवल्या.

नुसत्या पाठवल्या नाहीत, स्वतः आला. टेम्पोतून उशा ओट्यावर उतरवल्या, एक उचलून सासूबाईंच्या समोर धरली. "काकू, गिऱ्हाईक झोपत नाही यांच्यावर. वास येतो."

"कसला वास?"

"आता कसला म्हणून सांगू? बाथरूमचा येतो."

सासूबाईंनी उशी घेतली, त्यात तोंड खुपसलं, श्वास भरून घेतला. "मला तर काही येत नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी उशी हुंगली. येत होता. मंद, पण येत होता. मी तसं सांगितलं. "तुझं नाकच मेलं नको तितकं तिखट," त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. सबंध जन्म त्या खोलीत काढलेल्या बाईला तो वास कसा येणार?

लॉजवाला माणूस वाईट नव्हता. "उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधी मला सगळ्या खोल्यांना नव्या उशा लागतात," तो म्हणाला. "तुम्ही द्या, मी बघतो. पण पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे जावं लागेल काकू. नाइलाज आहे."

तो गेल्यावर सासूबाई कितीतरी वेळ ओट्यावर त्या उशांच्या ढिगाशेजारी बसून होत्या. त्यांच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि लॉजवाला गेला असता तर वसतिगृह आणि दवाखाना जायला कितीसा वेळ?

मग सुरू झाली शोधाशोध. दोष अर्थात आमच्याच टाकीवर. टाकी भरलेली नसताना गाडी बोलावली. चष्मेवाल्या काकू गॅलरीत. "इतक्यात भरली?" सासूबाईंनी ते गिळलं. टाकी रिकामी झाली तरी वास तसाच. कापूस गच्चीवर नेऊन उन्हात घातला, की छान. खोलीत आणला, की दोन दिवसांत पुन्हा तेच. गठ्ठे हलवले तेव्हा मागची भिंत दिसली. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल, रंगाचे पोपडे, त्यावर पांढरं मीठ फुटलेलं. "जुनं घर आहे, ओल येणारच," आमचे हे म्हणाले. यांचं सगळ्या गोष्टींवरचं उत्तर हेच.

आणि मग ती दुपार. सासूबाई लॉजसाठी नमुन्याची उशी भरत होत्या. मी समोर बसून कापूस सुटा करत होते. त्या मुठीमागून मूठ आत सारत होत्या. कोपरा चाचपत होत्या. पुन्हा सारत होत्या.

"काय गं, ही भरत का नाही?" त्या पुटपुटल्या.

आणखी दोन मुठी गेल्या. मग त्यांनी उशी उचलली. खालची शिवण चांगली वीतभर उसवलेली होती, आणि वरून घातलेला कापूस खाली त्यांच्या मांडीखाली साठत होता.

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तशाच उशी हातात धरून बसल्या. एकदा उशीकडे बघितलं, एकदा त्या ओल्या भिंतीकडे.

"भरत नाही म्हणजे कुठूनतरी जातंय," त्या म्हणाल्या.

आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि बोळकांडीत गेल्या. मी मागोमाग. केळीच्या बुंध्याशी त्यांनी खणायला सुरुवात केली. जेमतेम हातभर खड्डा झाला असेल, त्यात बाजूनं पाणी झिरपायला लागलं. काळं. वास असा आला की मी पदर नाकाला लावला.

सासूबाईंचा चेहरा मात्र असा खुलला होता, तसा तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"फुटकी आहे!" त्या म्हणाल्या. "फुटकी आहे गं तिची टाकी! एवढी वर्षं मी जळले, आणि बाई फुटकी टाकी घेऊन मिरवत होती!"

मग त्यांची नजर वर गेली. केळीचा तो दांडगा बुंधा, ती हिरवीगार पानं, निम्मा भरलेला घड. खुललेला चेहरा हळूहळू मिटला.

"म्हणजे ही..." एवढंच बोलल्या. कुदळ तिथंच टाकून आत निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा कापसाला हात लावला नाही. हाताचा गुण होता ना! तो गुण कुणाच्या टाकीचा होता, हे आता त्यांना कळलं होतं, आणि ते पचत नव्हतं. भिंत सडली याचं दुःख कमी आणि केळी शेजारणीच्या जिवावर पोसल्या याचं जास्त, असा सगळा मामला.

पण उशा वाचवायच्या तर तोंड उघडणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चष्मेवाल्यांकडे गेलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला आमचं चांगलं कधी बघवलं नाही. मजला चढवला तेव्हा तेच. आता टाकीसुद्धा खुपायला लागली?"

"अहो, तुमची टाकी गळते. येऊन बघा खड्डा."

"खड्डा तुमच्या अंगणात. वास तुमच्या घरात. गाडी तुमच्याकडे येते. आणि गळते आमची?"

अख्ख्या गल्लीत कुणीही चष्मेवाल्यांचंच खरं मानलं असतं, आणि मानलंच. संध्याकाळपर्यंत गोष्ट दूधवाल्यापर्यंत पोचली. गादीवाल्या काकू आता टाकीवर जळतात! लोक हसले. आमचे हेसुद्धा म्हणाले, "आई, तुझं तिच्याबद्दल असतंच काहीतरी." मला राग आला. पण मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हणाले असते. आयुष्यभर जिच्यावर जळलो, तिच्याबद्दल खरं बोललं तरी कोण ऐकणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बाजारात गेल्या आणि कापड रंगवायच्या रंगाच्या पुड्या घेऊन आल्या. राणी रंग. झगझगीत गुलाबी.

"हा कशाला?"

"तू केळ्यांची फणी घे आणि चल."

काकूंनी दार उघडलं. फणी बघून जरा नरमल्या. भांडण झालं तरी फणी चुकली नाही, म्हणजे वहिनींना पश्चात्ताप झालेला दिसतो, असं त्यांना वाटलं असावं. चहा टाकते म्हणाल्या. तोच सासूबाईंनी पोट धरलं. "अगं बाई गं... जरा तुमच्याकडे जाऊन येते हं."

त्यांच्या आयुष्यात त्या पहिल्यांदाच त्या संडासात गेल्या. किती वर्षं आतून बघायचा होता त्यांना तो! बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. तोवर आत धबाधबा पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी चहाच्या कपात तोंड घालून बसले होते, काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची हिंमत नव्हती. घरी आल्यावर मी विचारलं, "ओतलात सगळा?"

"सगळा." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "फरशा छान आहेत. पार छतापर्यंत." आणि आणखी थोड्या वेळानं, "खिडकी आहे गं आत. लहानशी. तिथून आपली केळ दिसते. दुसरं काही दिसतच नाही, नुसती आपली केळ."

मला दिसलं की ही गोष्ट त्यांना आवडली होती. रोज सकाळी शेजारीण आपल्या घडाकडे बघत बसते, यापेक्षा आणखी काय हवं?

आता खड्ड्यात रंग कधी उतरतो याची वाट बघायची होती. सासूबाई दिवसातून दहा वेळा बोळकांडीत जाऊन यायच्या. खड्डा काळाच. अशी आमची आशा सुटत चालली असताना एका दुपारी चष्मेवाल्या काकू आमच्या मागच्या दारी आल्या. पुढच्या नाही, मागच्या. मला हातानं खुणावून बाजूला घेतलं. चेहरा पांढरा पडलेला.

"सासूबाई कुठंयत?" हळूच म्हणाल्या.

"आत. कापूस पिंजतायत."

"हे बघ, त्यांना सांगू नकोस मी आले होते म्हणून. त्या दिवशी त्या आमच्या संडासात गेल्या होत्या ना... त्यानंतर मी आत गेले तर सगळीकडे लाल. फरशीच्या कडेला, खाली, सगळीकडे. पोटही दुखत होतं त्यांचं. रोज यावं म्हणत होते, पण म्हटलं, भांडणानंतर कुठल्या तोंडानं विचारू?" त्यांनी माझा हात धरला. "अगं, डॉक्टरला दाखवा त्यांना. या वयात अंगावर काढू नका. आमच्यांच्या ओळखीचे आहेत एक, मी स्वतः येते बरोबर."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसू आवरेना, आणि लगेच इतकं शरमल्यासारखं झालं की हसूही तोंडातच राहिलं. ही बाई घाबरून आली होती. भांडण बाजूला ठेवून आली होती. आणि तिला वाटत होतं तो आजार नव्हता, आमच्या घरची लबाडी होती.

तेवढ्यात सासूबाईच दारात आल्या. त्यांनी ऐकलं होतं सगळं. केसांत कापूस अडकलेला, हातात दाभण.

"मला काही झालेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "या."

त्या काकूंना बोळकांडीत घेऊन गेल्या. सकाळपर्यंत काळं असलेलं खड्ड्यातलं पाणी आता गुलाबी झालं होतं. झगझगीत राणी रंगाचं. भिंतीच्या कडेनं झिरपणारा ओघळही तसाच.

काकू त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग वर त्यांच्याच संडासाच्या खिडकीकडे बघितलं. मग केळीकडे.

"म्हणजे हे आमचं?" त्या म्हणाल्या.

"तुमचंच."

"सगळं?"

"केळीसकट," सासूबाई म्हणाल्या. हे दोन शब्द उच्चारताना त्यांना काय यातना झाल्या असतील, ते मीच जाणे.

काकूंनी रंगाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "ह्यांना सांगते," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं झाकण पहिल्यांदा उघडलं गेलं ते त्याच आठवड्यात. तळाला काँक्रीट घातलंच नव्हतं, नुसती माती, आणि आमच्या बाजूच्या विटांतून बोट जाईल एवढ्या फटी. काकांनी बिनबोभाट सगळं नव्यानं बांधून घेतलं, आतून गिलावा केला. आमची भिंतही खरवडून, वाळवून, चुना लावून दिली.

सासूबाईंना याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवसभर भांड्यांची आदळआपट करत होत्या. शेवटी मी विचारलं, काय झालं.

"ती माझी काळजी करायला आली!" त्या ओरडल्या. "कुणी सांगितलं होतं? मी तिच्या घरात जाऊन रंग ओतून आले, आणि ही म्हणे डॉक्टरकडे नेते! म्हणजे चांगुलपणातसुद्धा हीच पुढे?"

मी कपाळाला हात लावला.

सुट्ट्यांच्या आधी लॉजवाला आला. सासूबाईंनी उशी पुढे केली आणि तोंड फिरवून बसल्या. त्यानं उशीत नाक खुपसलं, एकदा, दोनदा. "कापसाचा वास येतोय फक्त," तो म्हणाला. सगळ्या खोल्यांच्या उशा आमच्याकडेच आल्या. सासूबाईंनी कोपरे असे ठासून भरले की दाभण वाकलं.

केळ मात्र गेली. म्हणजे मेली नाही, पण तिचा तोरा गेला. पुढचा घड आला तो बोटाएवढ्या केळ्यांचा. सासूबाईंनी तो हातात धरून बघितला. "ही काय पाठवायची? तिला हसायला?" म्हणाल्या, आणि आम्हीच खाल्ली. गोड होती, चवीला काही कमी नाही.

दोनेक वर्षं गेली. एका सकाळी गल्लीत हॉर्न वाजला. सासूबाईंनी हातातली उशी खाली ठेवली. "आपल्याकडे?"

"नाही," मी फाटकातून बघून सांगितलं. "चष्मेवाल्यांकडे."

त्या क्षणाची त्यांनी किती वाट पाहिली होती हे मला ठाऊक होतं. त्यांनी तोंड धुतलं. केस विंचरले. धुतलेले कपडे घातले. मी मागे, त्या पुढे, अशा आम्ही फाटकात जाऊन उभ्या राहिलो. ते वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं: भरली का हो? साखर घालून म्हणायचं होतं.

काकू त्यांच्या ओट्यावर उभ्या होत्या, गॅलरीत नव्हे. त्यांच्या चकचकीत फरशीवरून तो मळका पाइप आत गेला होता. इंजिन घरघरत होतं. सगळी गल्ली रुमाल लावून वर उभी. काकू खाली मान घालून पाइपाकडे बघत होत्या. सून दार लावून आत बसलेली. एवढ्यात समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "काय हो काकू, भरली का शेवटी?" आणि गॅलरी-गॅलरीतून हसू पसरत गेलं.

सासूबाईंचं उघडलेलं तोंड मिटलं. त्यांचं वाक्य कुणीतरी पळवलं, म्हणून त्या चिडल्या असाव्यात असं मला वाटलं. त्या फाटक उघडून तरातरा गाडीपाशी गेल्या.

"इथलं झालं की पाइप आमच्याकडे घे," गाडीवाल्याला म्हणाल्या.

"आजी, तुमची तर मागच्याच पावसाळ्यानंतर उपसली."

"भरली," सासूबाई म्हणाल्या. मोठ्यानं, वरच्या शेवटच्या गॅलरीला ऐकू जाईल अशा बेतानं. "आमची लवकर भरते. खाती-पिती माणसं आहेत आमच्या घरात!"

गॅलऱ्या आता आमच्याकडे वळल्या. काकूंनी मान वर केली. दोघींची नजरानजर झाली. गाडीवाल्यानं खांदे उडवले आणि पाइप आमच्या ओट्याकडे ओढला.

सगळं आटोपल्यावर मी अंगण धुतलं आणि मागच्या खोलीत गेले. सासूबाई उशीला टाके घालत होत्या.

"आई, आपली टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती," मी म्हटलं. "गाडीवाला हसत होता. कशाला हा उपद्व्याप?"

त्यांनी दाभण खोळीत घातलं आणि पलीकडून ओढून घेतलं.

"मग काय करू? तिच्याच दारात गाडी, सगळी गल्ली तिलाच बघणार, आणि मी इथं एकटी उशा भरत बसू?"